रिव्हर्स नसलेल्या गाडीचा भाव

आमच्या गावच्या घराला दोन फाटकं आहेत, कारण आमच्या गाडीला रिव्हर्स गिअर नाही.

गाडी पुढच्या फाटकानं आत येते, लिंबाखाली उभी राहते आणि जाताना मागच्या फाटकानं बाहेर पडते. हे मागचं फाटक आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मी तिसरीत असताना भिंत फोडून काढलं. पुढं एकदा वास्तुशास्त्राचे एक जाणकार आमच्याकडे जेवायला आले होते. त्यांनी दोन्ही फाटकं डोळे बारीक करून पाहिली आणि असं घर बांधायला पूर्वजांकडे दृष्टी असावी लागते, असा निर्वाळा दिला. आप्पांनी त्यांना आणखी एक भाकरी वाढायला सांगितली.

गाडी विलायती आहे. लाल, बिनछताची, लांब नाकाची, शर्यतीत पळवायला बनवलेली. ती आमच्याकडे आली तीच जमिनीतून. अंकुशनगरच्या बाजूला एका साखर कारखान्यात आप्पा फिटर होते. तिथल्या चीफ इंजिनिअर साहेबांनी ती मुंबईहून हौसेनं आणली. तिचं पोट जमिनीपासून चार बोटं वर, आणि आमच्याकडची काळी माती श्रावणात बैलालासुद्धा गुडघ्यापर्यंत धरून ठेवते. गाडी रुतली. साहेबांनी तीन दिवस वाट पाहिली, चौथ्या दिवशी नोकरी सोडली आणि जाताना गाडीचे कागद आप्पांच्या हातात ठेवून, निघाली तर तुझी, असं सांगितलं. आप्पांनी दोन बैलजोड्या लावून ती काढली. रिव्हर्सचं दातेरी चाक त्या ओढाओढीतच तुटलं. गावानं तिचं नाव ठेवलं ‘बसकी’.

बसकीला सीटा दोन आणि घरात माणसं तीन. एक सीट आप्पांची, एक मायची. (उरलेलं माणूस म्हणजे मी, बापू. माझं बालपण सायकलवर, बसकीच्या धुरात गेलं.)

दर रविवारी दुपारी आप्पा मायला घेऊन शहागडला जायचे. हौस म्हणून नाही, नाइलाज म्हणून! इंजिन आठवड्यातून एकदा तरी फिरवायला हवं, आणि आमच्याकडचे रस्ते अरुंद. रिव्हर्स नसलेली गाडी वळवायची तर मोठं मैदान हवं, आणि आप्पांच्या मते असं मैदान म्हणजे थेट हायवेवरच्या ढाब्याचं, जिथं ट्रक वळतात. मग एवढं आलोच आहोत तर चहा व्हायचा. चहा झालाच आहे तर गोदावरीच्या पुलावर पाच मिनिटं थांबणं व्हायचं. मग दुसऱ्या रस्त्यानं लांबचा वळसा घालून घरी. एका तुटक्या चाकापायी आठवड्याची अख्खी दुपार वाया जाते, असं मी आईवडलांना वर्षानुवर्षं समजावून सांगत आलो. मी जालन्याला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे समजावून सांगण्याची सवय आहे.

वर्गातही बसकी माझा आवडता दाखला होती. जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे भाव दरवर्षी वर का जातात? तर एक हौशी माणूस दुसऱ्या हौशी माणसाकडे बघून भाव लावतो म्हणून. ज्या गाडीत कांद्याचं एक पोतं बसत नाही तिचं मोल शून्य, असं मी फळ्यावर लिहून दाखवत असे. पोरं हसायची. त्यातल्याच एकानं आमच्या घरी आल्यावर बसकीचा फोटो काढला आणि मोबाइलवर कुठंतरी टाकला. आठ दिवसांत पुण्याहून रणदिवे नावाच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे अशा जुन्या गाड्यांचा संग्रह होता. त्यांनी बसकीची किंमत सांगितली.

मी ती कागदावर लिहून पाहिली. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली. हौशी माणसांबद्दल आपण वर्गात थोडं कडक बोलत होतो, असं मला त्या क्षणी वाटून गेलं.

फोन मी आप्पांना दिला. रणदिव्यांनी किंमत पुन्हा सांगितली. आप्पा गप्प. पलीकडे रणदिव्यांना वाटलं, म्हातारा पक्का आहे. त्यांनी किंमत वाढवली. आप्पा गप्पच. असे तीन फोन झाले आणि एकही शब्द न बोलता आप्पांनी गाडीचा भाव दुप्पट करून ठेवला. एवढा बाजार मला सगळी पुस्तकं वाचून जमला नसता.

मी आप्पांना म्हणालो, आता तुमचं वय झालं, गाडी घरात अडगळ झालीय, पैसा कामी येईल. मालक तुम्ही, नाही म्हणायचं असेल तर म्हणा, हेही म्हणालो. पण ते जरा हळू म्हणालो. आप्पांनी मायकडं पाहिलं. माय तांदूळ निवडत होती.

“तुला बराबर वाटून राह्यलं ना, मंग बघ,” आप्पा म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. त्या रविवारी ते दोघं शहागडहून नेहमीपेक्षा तासभर उशिरा आले.

रणदिवे जानेवारीत आले. मी आदल्या दिवशीच माझ्या नव्या गाडीतून गावी पोचलो होतो. (हिला रिव्हर्स आहे. मागं बघायला कॅमेरा आहे. मागं जाताना ती गाणंही म्हणते.) रणदिव्यांनी हातात पांढरे मोजे चढवले, खिशातून लोहचुंबक काढलं आणि बसकीच्या अंगावरून फिरवायला लागले. डागडुजी कुठं झालीय ते त्यावरून कळतं म्हणे. मी आप्पांना बजावलं होतं की विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. आप्पांनी ते तंतोतंत पाळलं. रणदिवे विचारत गेले आणि आप्पा सांगत गेले. कार्बोरेटर घनसावंगीच्या काळीपिवळी जीपचा. आरसा स्कूटरचा. बॉनेटची बिजागरी गोदामाच्या दाराची. सीटच्या आत साखरेची पोती. रणदिव्यांचा चेहरा उतरत गेला, पण माणूस हौशी होता. ते म्हणाले, सांगाडा अस्सल आहे, एक चक्कर मारून बघू.

रिव्हर्सचं त्यांनी विचारलं नाही. म्हणून मी सांगितलं नाही.

चालवायला आप्पा पुढं झाले होते. पण सीटा दोन, त्यातली एक गिऱ्हाइकाची. आणि आप्पांच्या तोंडून आणखी काही खरं बाहेर पडायला नको म्हणून मीच स्टिअरिंगवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा!

“चारीच्या रस्त्यानं जाऊ नको,” आप्पा म्हणाले. “ह्या टायमाला उसाच्या गाड्या येऊन राह्यल्या.”

मी त्यांना सांगितलं की रस्ता सगळ्यांचा असतो.

पाटाच्या चारीला लागून जाणारा तो रस्ता एका गाडीपुरता. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला उभा ऊस. हवा थंड होती, रणदिवे खूश होते, मी त्यांना बाजारभावावर चार शब्द ऐकवत होतो. वळण संपलं आणि समोर ट्रॅक्टर उभा राहिला. त्यामागं उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. वर बसला होता आमच्याच गावचा गहिनीनाथ.

“सर, घ्या जरा मागं,” तो म्हणाला.

मी म्हणालो, तूच घे.

“दोन ट्रॉल्या हायेत सर. मागं घेतल्या की आडव्या होतेत. एक चारीत जाईन, एक उसात.”

रणदिवे मला समजुतीनं म्हणाले की दहा पावलांवर ऊस तुटलेला आहे, तिथं मोकळं रान आहे, आपणच घेऊ मागं. मी गिअरचा दांडा हलवला. पुन्हा हलवला. इंजिन तापलंय, जरा निवू द्या, असं म्हणालो. ट्रॅक्टरमागं दुसरा ट्रॅक्टर येऊन थांबला. त्यामागं बैलगाड्या. ऊसतोडीची माणसं मोळ्यांवरून खाली उतरून बघायला आली. मी दांडा इतक्या मन लावून हलवत होतो की कुणालाही वाटावं, गिअर आत्ताच कुठंतरी पडलाय आणि मी तो शोधतोय.

गहिनीनाथला माझी कीव आली असावी. तो खाली उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाला, “सर, साहेबाला सांगितलं न्हाई व्हय, हिला रिव्हर्स न्हाई म्हणून?”

रणदिव्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी हातमोजे काढले. आधी डावा, मग उजवा.

पुढं जाता येत नव्हतं ते ट्रॅक्टरमुळं, मागं जाता येत नव्हतं ते आमच्यामुळं. त्यांच्याकडं जगातला सगळा ऊस आणि आमच्याकडं जगातली सगळी लाज. अशी पंधरा मिनिटं गेल्यावर मागून आप्पा आणि माय चालत येताना दिसले. मला चारीकडं वळताना पाहिल्याबरोबर ते घरून निघाले होते.

आप्पांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी तोडणीवाल्यांपैकी आठ जण बोलावले, चाकाला दोघं दोघं लावले आणि म्हणाले, “नाकाला धरू नका. पोटाखालून घ्या, लेकरावाणी.” मी आणि रणदिवे आत बसलेलोच होतो, आम्हाला आधी उतरवण्यात आलं. मग बसकी उचलली गेली आणि चालत चालत दहा पावलं मागं गेली. आमच्याकडं आल्यापासूनचा तिचा पहिला रिव्हर्स! तुटल्या उसाच्या रानात त्यांनी तिला तसंच फिरवून गावाकडं तोंड करून ठेवलं. ट्रॅक्टर गेले, बैलगाड्या गेल्या. गहिनीनाथनं जाता जाता मायसाठी एक ऊस खाली टाकला.

रणदिवे रागावतील म्हणून मी मनात माफीची जुळवाजुळव करत होतो. पण त्यांना दुसरंच काही सतावत होतं. त्यांनी आप्पांना विचारलं, “तुम्ही सबंध गाडी हातानं उभी केलीत. मग रिव्हर्सचं हे एक चाक कसं नाही जमलं तुम्हाला?”

आप्पा गप्प. ते चारीच्या पाण्याकडं बघायला लागले.

“जमलं न्हाई कसं? केलंय की त्यानी,” माय म्हणाली. “माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात हाय. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय.”

आप्पांनी इतक्या चटकन मान वळवली की मला त्यांच्या मानेची काळजी वाटली.

“तुला कव्हा दिसलं?”

“बापू बारावीला व्हता तव्हा. दिवाळीचं झाडून घेताना.”

“मंग बोलली न्हाईस कधी.”

“तुमी तरी कुठं बोल्ले?” माय म्हणाली. मग ती रणदिव्यांकडं वळली आणि गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगावं अशा सुरात म्हणाली, “चाक बसवलं असतं तर गाडी कुठंबी वळली असती, साहेब. मंग शहागडला कामून गेलो असतो आमी?”

रणदिव्यांनी लोहचुंबक खिशात ठेवलं आणि एकदम किंमत वाढवली. आप्पा गप्प. त्यांनी आणखी वाढवली. आप्पा गप्प. आणि मला, इतक्या वर्षांनी, त्या गप्प बसण्यात बाजाराचा काही संबंध नाही, हे दिसलं. मी पहिली सायकल मागितली तेव्हा आप्पा असेच गप्प बसले होते. स्वतःचं घड्याळ विकून ती आणेपर्यंत.

“साहेब, गाडी विकायची नाही,” कुणीतरी म्हणालं. मी वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

रणदिवे भला माणूस. त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला आणि कधी चाक बसवायचं ठरलंच तर मला कळवू नका, असं म्हणाले. गाडीत पेट्रोल होतं. माय ऊस घेऊन आपल्या सीटवर बसली, आप्पा आपल्या. गावातून वळसा घालून ते शहागडला गेले. वार गुरुवार होता!

मी आणि रणदिवे मागून पायी निघालो. वाटेत त्यांनी विचारलं, दोनच सीटा, मग लहानपणी तुम्ही कुठं बसायचात? आम्ही दोघं बसकीच्या धुरातूनच चाललो होतो, त्यामुळं मला उत्तर द्यावं लागलं नाही.

रणदिवे पुण्याला गेले. आप्पा-माय परत आल्यावर मीही निघालो. दोघं ओट्यावर उभे होते. मी माझी गाडी सुरू केली, कॅमेरा लावला आणि पुढच्या फाटकातून मागं काढायला लागलो. गाडी गाणं म्हणत होती. पडद्यावर हिरव्या रेघा दिसत होत्या. पाठोपाठ फाटकाचा उजवा खांबही दिसला, पण तोवर तो आडवा झालेला होता.

मी उतरून खांबाजवळ उभा राहिलो. त्या अंगणात इतक्या वर्षांत बसकीनं एक कुंडीसुद्धा फोडली नव्हती.

“बापू,” माय ओट्यावरून म्हणाली, “पुढं दुसरं फाटक हाय की.”

आप्पा काही बोलले नाहीत. तेवढ्या वेळात खांबाचा भाव दुप्पट झाला असावा.