अण्णांचं ओलं फडकं

मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता माझे वडील, अण्णा, गेले. भाताच्या बेणणीसाठी, शेतातलं तण काढायला, त्यांनी रजा घेतली होती. मी पिरंगुटला कारखान्यात ड्यूटीवर होते. फोन आईने केला.

अण्णा आणि मी एकाच कारखान्यात, एकाच विभागात होतो. टाक्या, बॉयलर, पाइप यांच्या आत काय चाललं आहे ते बाहेरून दिसत नाही. ते कळावं म्हणून दाब, तापमान, पातळी मोजणारी यंत्रं बसवलेली असतात. ती यंत्रं खरं बोलतात की नाही हे तपासायचं, खोटं बोलत असतील तर का ते शोधायचं, हे आमचं काम. अण्णा आयटीआय शिकलेले, मी पदविका घेतलेली. तरी माझं खरं शिक्षण त्यांच्या मागे शिडी धरून उभं राहण्यात झालं. यंत्र तपासून झालं की ते लहानसं लेबल लावत, त्यावर तारीख आणि सही. त्यांचं अक्षर शाळेतल्या कित्त्यासारखं होतं. ते लेबल असलं की बॉयलरवाले मारुतीमामा त्या यंत्राकडे दुसऱ्यांदा पाहत नसत.

अण्णा गेल्यावर मी देवघरासमोर बसणं सोडलं. रिह्याला, आमच्या गावी, घरी दिवा आई लावायची, मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे. रोज गावच्या देवीला, वाघजाईला, हात जोडून कामावर जाणारा माणूस बांधावर असा कोसळतो, मग ते हात कुणासाठी जोडायचे, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. उत्तर मिळेल असं वाटत नव्हतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. अण्णा गेल्यामुळे घरी वर्षभर सण करायचा नव्हता, म्हणून मी बाजूला उभी होते. मारुतीमामांनी ताट माझ्या हातात दिलं. म्हणाले, "पोरी, टाकीवरलं यंत्र अण्णांनी शेवटचं लावलंय. त्याला तुझाच हात लागू दे." बॉयलरच्या पाण्याची ती उघड्यावरची टाकी. सकाळची वेळ होती, अंगावर गारवा येत होता. मी त्या यंत्राला गंध लावलं, हळदकुंकू लावलं, ओल्या अक्षता चिकटवल्या. देवासाठी नाही, अण्णांसाठी लावत होते, आणि हात थांबत नव्हता.

दसरा झाला आणि टाकी उतू जायला लागली. सकाळी सगळं ठीक असायचं. दुपारी ऊन तापलं की पडद्यावर पातळी कमी दिसायची, म्हणून झडप आपोआप जास्त उघडायची आणि कढत पाणी टाकीच्या काठावरून फरशीवर यायचं. मी यंत्र दोनदा काढून आमच्या गार खोलीत नेलं, तपासलं. अगदी बरोबर. परत बसवलं की दुपारी तेच. मारुतीमामा म्हणाले, "अण्णा होते तवा ही टाकी शिस्तीत ऱ्हायची. आता रोज दुपारी धार धरतीया. तुला घाबरत न्हाई वाटतं." मी हसले, पण मला झोप लागत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आमच्या विभागाच्या साहेबांनी बोलावलं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. शेवटी शेवटी अण्णांची नजर कमी झाली असणार. त्यांनी लावलेली सगळी यंत्रं बाहेरच्या माणसांकडून पुन्हा तपासून घेऊ. रिपोर्टमध्ये मूळ सेटिंग चुकीचं होतं असं लिहावं लागेल. संध्याकाळपर्यंत सही करून द्या." म्हणजे अण्णांची सगळी लेबलं निघणार होती, आणि खाली सही माझी असणार होती.

दुपारी तो कागद घेऊन मी टाकीच्या सावलीत बसले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा मनात देवीचं नाव आलं. प्रार्थना म्हणावी असं ते नव्हतं. 'माणूस नेलास, त्याचं नाव तरी ठेव,' एवढंच म्हटलं.

कुंपणाकडेला कंत्राटाच्या बायका गवत कापत होत्या. त्यांतली एक म्हातारी नळावर पाणी प्यायला आली. डोंगरावरच्या वाडीची असावी. कमरेला विळा, पाय अनवाणी. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"अण्णाची लेक ना तू? नाकाडोळ्यावनं वळखलं." मग मान वर करून यंत्राकडे पाहिलं. "पुजा तूच केलीस व्हय? लई थापलंस गं."

"हो. मीच केली."

"अन् पुसलं न्हाईस? त्यो पुसायचा. गंध लावायचा, हात जोडायचा, की लगीच वलं फडकं. मी म्हनलं बी एकदा, अवं, देवाचं गंध कुनी पुसतं व्हय? तर म्हनला, मावशे, देवाला हितं काम हाय. त्याला वारा लागू दे."

तिने तोंडावर पाणी मारलं आणि गवताकडे गेली.

मी शिडी लावली. त्या यंत्राच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं छिद्र असतं. बाहेरच्या हवेचा दाब त्याला तिथून कळतो. छिद्र बुजलं तर आत अडकलेली हवा उन्हाने फुगते, उलटा दाब देते आणि यंत्राला पातळी कमी वाटते. हे मी नव्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे. ते छिद्र माझ्याच गंधाने आणि अक्षतांनी गच्च भरून वाळलं होतं. पूजेचं म्हणून खोलीत तपासतानाही मी ते पुसलं नव्हतं. वर्षानुवर्षं अण्णांच्या मागे शिडी धरली, पण पूजेच्या दिवशी मी ताटाभोवतीच्या गर्दीत असायचे. ते फडकं मी कधी पाहिलंच नव्हतं.

ओढणीची सेफ्टी पिन काढून मी छिद्र मोकळं केलं. क्षणभराने बॉयलरकडून मारुतीमामांची हाक आली, "काय केलंस गं? आकडा जाग्यावर आला की!"

मी शिडीवरच रडले. अण्णांचं सेटिंग बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, "मूळ सेटिंग अचूक. पूजेच्या वेळी हवेचं छिद्र माझ्या हातून बुजलं." साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "एवढं कशाला? धूळ लिहिलं असतं तरी चाललं असतं."

"अण्णांनी धूळ लिहिलं नसतं, साहेब."

त्यांनी पेन उघडलं. कागदावर सही केली. इतक्या ताठ मानेने मी कधी त्यांच्या केबिनमधून बाहेर पडले नव्हते, आणि तेही स्वतःची चूक लिहून देऊन.

दुसऱ्या दिवशी म्हातारीला लुगडं द्यावं म्हणून शोधलं. गवताचं काम संपलं होतं. गेटवरच्या वहीत कंत्राटदाराचं नाव आणि 'महिला पाच' एवढीच नोंद. दोन वाड्यांवर जाऊन विचारलं, कुणी सांगू शकलं नाही. आई म्हणते, वाघजाई आली होती. ती कामाला आलेली बाईच असेल, आणि तरीही आई म्हणते ते मी खोडत नाही. मी तेवढं मागितलं होतं आणि तेवढं मिळालं.

मी यंत्राला गंध लावलं तेव्हा खरं तर अण्णांना धरून ठेवत होते. त्यांची रीत वेगळी होती. ते मनापासून पूजा करत आणि मग देवाला त्याच्या कामासाठी मोकळं सोडत. दोन्ही हात जोडायचे, आणि मग उघडायचे. त्यातलं दुसरं मला आता कुठे थोडं जमतं आहे. संध्याकाळी मी देवघरासमोर बसते. मागत काही नाही.

टाकीवरच्या यंत्रावर अण्णांच्या अक्षरातलं लेबल आहे. त्यांच्या हत्यारांत सापडलेलं फडकं माझ्या पेटीत आहे, आणि पूजेनंतर पुसायचं काम माझ्याकडे आहे.