न जाणारं पाणी

"कवाचं हाय?"

नळवाले मामांच्या हातात कुणीही पाण्याचा ग्लास दिला की ते आधी हे विचारायचे. पाणी कालचं असलं तरी प्यायचे आणि सहा दिवसांपूर्वीचं असलं तरी प्यायचे. माहीत असलेलं बरं, एवढंच. लग्नात, तेराव्याला, दवाखान्यात, सगळीकडे हाच प्रश्न.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला यात काही विचित्र वाटणार नाही. इथं पाच-सहा दिवसांनी एकदा नळ येतो आणि नळ येणार म्हणून माणसं रजा टाकतात. आमच्या भागात पाणी सोडायचा व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस म्हणजे मामा. खांद्यावर लांब लोखंडी चावी, जुनी सायकल आणि चेहऱ्यावर कुणाचंच काही लागत नाही असा भाव. ते गल्लीत शिरले की आम्ही सगळे एकदम सज्जन व्हायचो. मी शाळामास्तर, एरवी चहा विचारताना हात आखडता घेणारा, पण मामांना आल्याचा चहा ठरलेला. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल बघा, ज्याच्याशी आपण कामापुरते फार प्रेमानं वागतो.

मुलीच्या लग्नाच्या दिवशी मी त्यांच्याकडे दहा मिनिटं जास्त पाणी मागितलं. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि म्हणाले, "कुणाची दहा मिन्टं देऊ, सर?" व्हॉल्व्ह वेळेवर बंद झाला. मी चार पाहुण्यांसमोर त्यांना नावं ठेवली. संध्याकाळी मामा सायकलला दोन कॅन अडकवून आले. ते त्यांच्या घरचं पाणी होतं. मला माझीच लाज वाटली. कॅन मात्र मी ठेवून घेतले.

पुढे मामा रिटायर झाले आणि गल्लीतला आल्याचा चहा नव्या माणसाकडे वळला. माझ्या घरचासुद्धा. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. वर्षभरात मामी गेल्या. एकुलता एक मुलगा अमेरिकेत. तो येऊन बापाला घेऊन गेला आणि तिकडं उत्तरेला, तळ्यांच्या आणि जंगलांच्या मुलखात, तीन आठवडे घरगाडीतून फिरवून आणलं. घरगाडी म्हणजे जिच्यात पलंग, शेगडी, संडास सगळं असतं अशी बसएवढी गाडी.

परत आल्यावर मामांनी हा प्रवास मला हप्त्याहप्त्यानं सांगितला. जंगलाबद्दल त्यांचं मत असं की झाडं लई, पण सगळी सारखीच. एकदा अस्वल दिसलं. अस्वलानं यांच्याकडे पाहिलं, यांनी अस्वलाकडे पाहिलं, मग दोघंही आपापल्या वाटेनं गेले. मोठ्या तळ्याचा समोरचा काठच दिसेना. मामा तासभर बघत बसले आणि मुलाला विचारलं, हे कोणत्या भागाला सोडतात? मुलगा म्हणाला, सोडत नाहीत, असंच असतं. ही व्यवस्था मामांना पटली नाही. "तुमच्या मामीला एकदा दाखवाय पाह्यजे होतं," असंही म्हणाले.

पहिल्याच मुक्कामावर एक घोळ झाला. घरगाड्या उभ्या करायच्या जागेवर नळ होता. मामा उजाडताच उठले, तोटी फिरवली आणि भसाभस पाणी आलं. मग काय. त्यांनी कुकर भरला, कढई भरली, चहाचे कप भरले, बर्फाचा डबा भरला, सुनेचं केकचं भांडंसुद्धा भरलं. गाडी पहिल्या वळणावर वळली आणि सगळं पाणी गादीवर. पुढचे दोन दिवस पांघरुणं झाडांच्या फांद्यांवर वाळत होती. मुलगा शांतपणे म्हणाला, बाबा, इथं पाणी जात नाही. मामांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं. फक्त झाकण असलेली भांडी घेतली.

परतीच्या वाटेवर तांब्याच्या खाणीचं गाव लागलं. खाण कधीच बंद पडलेली, निम्मी घरं रिकामी. खाण दाखवायला एक म्हातारा होता. तो पूर्वी खाणीतलं पाणी उपसायच्या पंपावर कामाला होता. मामा खूश. एवढ्या लांब येऊन आपल्या खात्यातला माणूस भेटला. मुलाला मध्ये घालून दोघं तासभर बोलले. पंप बंद केल्यावर खाण तोंडापर्यंत भरली, असं म्हाताऱ्यानं सांगितलं. त्याची मुलं लांबच्या शहरात, दर हिवाळ्यात बोलावतात, पण हा जात नाही. इथं कुणीतरी पाहिजे, म्हणतो.

"पंप तर बंद हाय," मामा मुलाला म्हणाले. "मग ह्यो कशापाशी थांबलाय?"

मुलानं हे त्या म्हाताऱ्याला सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर त्यानं बापालाच विचारलं, "बाबा, तुम्ही कशापाशी थांबलाय?"

मामा घरी परत आले. मुलगा फोनवर कायमचं तिकडं बोलवत होता. त्यानंतर कितीतरी महिने ते पाण्याच्या दिवशी व्हॉल्व्हपाशी जाऊन उभे राहायचे. नवा माणूस चावी फिरवायचा, हे बघायचे. मी त्यांना समजावलं, आपली माणसं इथं आहेत, तिकडं तुम्हाला कोण ओळखतं? त्यांनी ऐकून घेतलं. चहा मात्र त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी विचारला होता.

एक दिवस स्वतःच येऊन म्हणाले, "जातो, सर. तिथं मी कुणाच्या कामाचा नाय. पण पोरगा म्हणतो, तसाच पाह्यजे."

मुलगा न्यायला आला. निघायच्या दिवशी सकाळी नऊला सगळ्या गल्लीनं निरोप द्यायचा, असं ठरलं. मी हारसुद्धा आणला. साडेआठला नळ आला.

पाणी चार दिवस उशिरा आलेलं. गल्लीत चिटपाखरू राहिलं नाही. नऊ वाजता मामा घरोघरी दारात उभे राहून "चाललो, तुम्ही भरा" म्हणत आले. माझ्या एका हातात पाइप, ड्रम अर्धा. मी हार आणायला वळलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर, पाणी जाईल."

आणि मी थांबलो. खरंच थांबलो.

मोटारीचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा पाइप ड्रममध्ये टाकून कोपऱ्यापर्यंत धावलो. मोटार वळून गेली होती. माझा ड्रम भरून पाणी गल्लीतून वाहत माझ्या चपलांपर्यंत आलं, आणि मी तिथंच उभा राहिलो.