परसातली हरळी

मेढ्याजवळच्या या घरी ट्रॅक्टर चालवायला लागलो त्याला चार वर्षं झाली. मालक फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणतो. माझं गाव लांब, आटपाडीकडं. घरी मेंढरं. सातवीत शाळा सुटली, त्यामुळं कुणाला काही विचारायचं मी टाळायचो. विचारलं की अडाणीपण उघडं पडणार आणि काम जाणार, असंच वाटायचं.

पहिल्या वर्षी दसऱ्यानंतर काकूंनी घरामागचा तुकडा दाखवला. "मेथी, वांगी लावायचीत. हरळी लय माजलीया. रोटर मारायला जमंल न्हवं?"

"व्हय की. त्यात काय!"

आमच्या माळावर हरळी दिसली की वडील मेंढरं तिकडं वळवायचे. या गवताशी कुणाचं वैर असतं हे मला ठाऊकच नव्हतं. जमिनीत ओल होती. ट्रॅक्टरला जोडलेला रोटर मी उभा-आडवा तीनदा फिरवला. माती रव्यासारखी झाली, हिरवं नावाला उरलं नाही. मालक म्हणाले, "शाब्बास, जवान!"

पंधरा दिवसांत, मेथी पेरायच्या आधीच हरळी वर आली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. रोटरनं मुळ्यांचे तुकडे केले होते आणि तुकडा न् तुकडा फुटला होता. मी गुपचूप कपड्यांची पिशवी भरून ठेवली.

काकू येऊन उभ्या राहिल्या. "काय रं, हरळी पेरलीस व्हय?"

"म्हाईत न्हवतं, काकू. विचारायची लाज वाटली."

"मग आता उपटायला लाजू नगंस. आन् ती पिशवी मोकळी कर आधी, कापडं कुबट व्हतील."

माझ्या हातात कुदळ देऊन त्या खुरपं घेऊन बसल्या. तीन दिवस आम्ही दोघं पांढऱ्या मुळ्या वेचत होतो. मुळी न तोडता कशी ओढायची ते त्यांनीच शिकवलं. मालक चहा घेऊन यायचे आणि "दुश्मन किती उरला?" म्हणून विचारायचे. ढीग बघून मी म्हणालो, "आमच्या मेंढरांनी हे एका घासात संपवलं असतं." काकू म्हणाल्या, "मग आणायची व्हतीस की!" चौथ्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टरची किल्ली पुन्हा माझ्या हातावर ठेवली.

तेव्हापासून रोटर खाली सोडण्याआधी मी उतरतो, ढेकूळ उकरून मुळ्या बघतो, आणि तरीही विचारतो. यंदा काकू वैतागल्या. "चार वरसं झाली, आता तुझं तू बघ की!"

मी थांबूनच राहिलो. शेवटी त्या आल्या, मूठभर माती चाचपली. "मार," म्हणाल्या. मग मी रोटर सोडला.