हौशीरामाच्या अकरा जर्श्या

राजुरीचा हौशीराम ट्रक चालवायचा. नारायनगावला टमाट्याची क्रेटं भरायची, घाट उतरून गोव्यात मडगावला खाली करायची, आन येताना नारळ नायतर जे भेटंल ते घेऊन यायचं. तवा गावात टीव्ही मोजक्या घरी, आन फोन म्हंजी दूध डेरीतला. एक दिस तो फोन वाजला. हौशीराम सातारच्या पुढनं कुठनं तरी बोलत व्हता, आवाज फाटत व्हता. डेरीवाल्याला येवढंच कळलं, "गोजरीला सांगा, उद्या दुपारी पोचतो. अकरा जर्श्या घेऊन येतोय. फुकाट भेटल्यात."

राजुरी हे दुधाचं गाव. जर्शी म्हनलं की चार पायांची, चरवीभर दूध देनारी. अकरा जर्श्या, त्याबी फुकाट. संध्याकाळच्या धारा निघायच्या आत ही बातमी सगळ्या वस्त्यांवर गेली. गोजरबाईनं, म्हंजी त्याच्या बायकोनं, गोठा झाडून घेतला, चार घरी फिरून दावी मागून आनली. शेजारची साळुबाई भाकर-तुकडा आन पान्याचा तांब्या घेऊन दारात. सरपंच गेणभाऊबी आले, एखादी इकतो का बघायला.

ट्रक आला. हौशीराम उतरला आन येवढी मानसं बघून त्याचा चेहराच उतरला. त्याला वाटलं, घरात कोन तरी गेलं.

"काय झालं गं?"

"व्हायचंय काय. उतरवा की खाली."

ट्रकचा मागचा फाळका पडला. आत नारळ, आन नारळावर एक पोतं. त्या पोत्यातनं हौशीरामानं हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे काढले. अकरा. पाठीवर नंबर घातलेले.

साळुबाईनं तांब्या खाली ठेवला. "ह्या किती लिटर देत्यात रं हौशा?"

गेणभाऊ म्हनले, "एखादी गाभन आसंल, नीट बघा."

सारं गाव हसलं. गोजरबाई तेवढी हसली नाय. दावी माघारी द्यायला तिला परत चार घरं फिरायची व्हती.

आता ह्या जर्श्या आल्या कुठनं, ते ऐक. मडगावच्या मार्केटात मिंगेलबाब म्हनून म्हातारा भाजी-व्यापारी व्हता. त्याचा थोरला भाऊ लई वर्सांमागं पोर्तुगालला गेला आन तिकडंच राह्यला, एका बारक्या गावात. गावाचं नाव हौशीरामाला कधी घेता आलं नाय. नुसतं सांगायचा, "शेवटाला श येतो." ते गाव आपल्या जुन्नरापरास धाकटं. तिथं पाववाल्यानं, शिंप्यानं आन नदीत होड्या चालवनाऱ्यांनी मिळून एक फुटबॉलचा क्लब काढला व्हता. चर्चचा फादर झगा खोचून गोलात उभा राहायचा. धुकं पडलं की बॉल दिसायचा नाय, मग ज्याच्या पायाला लागंल त्यानं वरडायचं. मोठ्या गावाच्या टीमा यायच्या आन ह्यांना धुऊन जायच्या. तीन पिढ्या गेल्या, कप म्हनून आला नाय. तरी दर रविवारी सगळं गाव मैदानावर. हरले म्हनून भांडायचे, आन पुढल्या रविवारी पुन्यांदा येऊन बसायचे.

गाडी खाली व्हईस्तवर मिंगेलबाब हे सांगायचा, आन हौशीराम टायरावर बसून पोथी ऐकावी तसा ऐकायचा. भावानं तिकडनं धाडलेल्या जुन्या जर्श्या मिंगेलबाबकडं पडून व्हत्या. एक दिस त्यानं त्या पोत्यात भरून दिल्या. म्हनला, "तुज्या गावांत एक क्लब कर रे. कप नाका. मोडूंक दिऊ नाका." म्हंजी कप नसला तरी चालंल, पर मोडू देऊ नको.

हौशीरामाच्या काळजात तेच जाऊन बसलं. आपल्याकडं मंडळ निघतं गनपतीला आन मोडतं दिवाळीला. वर्गनीवरनं नायतर खुर्चीवरनं. त्याला न मोडनारं काय तरी करून बघायचं व्हतं.

गावच्या कडंला गायरान व्हतं, तिथं त्यानं बाभळीचे दांडके रोवून दोन गोल केले. कबड्डीची पोरं आली. पहिल्यांदा बॉल पायात आला की दम धरूनच पळायची. समोरच्याचा पाय बी पकडायची. विहाराजवळ राहनारा नवनाथ उंच, हात लांब, त्याला गोलात उभा केला. पोरं शेन काढून, धारा काढून यायची, अंगाला दुधाचा वास. दुसऱ्या गावात गेली की लोक म्हनायचे, "आले जर्शीवाले. वैरन टाका."

दोन-तीन वर्सं गेली आन गायरानावर गेणभाऊंचा डोळा पडला. तिथं पंचायतीचे गाळे काढायचे, दुकानं बसवायची. हौशीराम त्यांच्या वट्यावर जाऊन बसला.

"भाऊ, मैदान जाऊ देऊ नका."

"अरे, दोन-तीन वर्सं खेळताय, दाखवायला काय हाय तुमच्याकडं? औंदा दोन तालुक्यांची स्पर्धा हाय जुन्नरला. कप आना, मैदान तुमचं. नाय आनला, तर गाळे. हाय कबूल?"

"कबूल," हौशीराम म्हनला. चार मानसांपुढं म्हनला.

आन बघ, ती पोरं फायनलला गेली की. कशी गेली, त्यांचं त्यांनाबी कळलं नाय. समोर घोडेगावची टीम.

फायनलच्या दिवशी बेल्ह्याचा बाजार व्हता. गावातले झाडून सारे बाप्ये टेम्पोनं, फटफटीनं बाजाराला गेलेले. हौशीरामानं पोरं ट्रकात भरली, जर्श्या अंगात घालूनच. गाव सोडलं तं रस्त्यात साळुबाई उभी. गाडीला हात केला नाय, आडवीबी झाली नाय. हौशीरामानंच गाडी थांबवली तवा म्हनली, "गाय इहिरीत पडलीया. तुमची मॅच हाय, मला ठाव हाय. जाताना वाटंत कोन दिसला तर सांगा."

वाटंत कोन दिसनार. हौशीरामाचा हात गिअरवर तसाच राह्यला. मागनं एकजन हळूच म्हनला, "भाऊ, उशीर झाला तर मैदान जाईल." इंजन चालू व्हतं आन तिकडनं गाईचा आवाज येत व्हता, घोगरा. साळुबाईला नवरा नाय, रान थोडकं, त्या गाईवर तिचं घर चालायचं.

हौशीरामानं चावी फिरवून इंजन बंद केलं. नवनाथ त्याच्या आधीच खाली उतरला व्हता.

नवनाथानं पान्यात उडी टाकून गाईच्या पोटाखालनं सोल, म्हंजी जाड दोर, घातला. वर दहा पोरं आन हौशीराम. वढली तर सोल पोटात कापायला लागला, गाय हंबरली. "थांबा, थांबा. जर्श्या द्या खाली," नवनाथ म्हनला. पोरांनी जर्श्या काढल्या, घड्या करून सोलाखाली घातल्या. मग पुन्यांदा वढली. हात सोलपटले, दगडावरनं दोघं-तिघं आपटले. गाय वर आली तवा ऊन माथ्यावरनं कललं व्हतं. कुनी म्हनलं, "जर्शीनं जर्शीला काढलं." हसायला कुनाच्यात जीव नव्हता.

जुन्नरला पोचली तवा शिट्टी कवाच झाली व्हती, कप घोडेगावला देऊन झाला व्हता. पंच म्हनले, "वेळ म्हंजी वेळ." पोरांच्या अंगावर चिखल, जर्श्या फाटलेल्या, एकाच्या पाठीवरचा नंबरच गेलेला. घोडेगावचा कप्तान भला पोरगा. म्हनला, "येवढं आलाय तर खेळून जावा, राव." खेळले. गोल कुनी मोजले नाय.

ग्रामसभेत गेणभाऊ काय बोलायच्या आधीच साळुबाई उठली. "माझ्या गाईपायी कप गेला. मैदान घेऊ नका."

लोकं चुळबुळली. गेणभाऊबी नरमले, हौशीरामाकडं बघत राह्यले. त्यानं नुसतं हूं केलं असतं तरी झालं असतं.

हौशीराम म्हनला, "बस खाली, साळुबाय. शब्द मी दिला व्हता. कप नाय आला तर गाळे. गाय पडली तर काय, हे तवा बोलनं झालं नव्हतं."

दांडके त्यानंच उपटले. खांद्यावर घेऊन घरी आला आन गोठ्याच्या भिंतीला टेकवले. गाळे उभे राह्यले. दोन पोरं चाकनला कंपनीत गेली. हौशीराम गोव्याला जायचा, पर मिंगेलबाबपुढं बसायचा नाय. गाडी खाली केली की लगेच निघायचा. त्यानं क्लब मोडू दिला व्हता ना. तो म्हातारा रागवला नसता, पर ह्याच्याच्यानं सांगवत नव्हतं.

उन्हाळ्यात साळुबाई दारात आली. "हौशा, माझा कांदा निघाला. रान मोकळं हाय. मॅच बसव."

"मॅच म्हंजी काय मेंढरं हायत का, बसवायला?"

आपल्याकडं धनगर आले की रानात मेंढरं बसवत्यात, लेंडीखतासाठी. साळुबाईला तेच ठाव.

ती म्हनली, "मेंढरं लेंड्या देत्यात. तुमची पोरं काय देत्यात ते बघू."

गोजरबाई आतनं बोलली, "न्या की ते दांडके. मला वैरन ठेवायला जागा नाय."

कांद्याच्या रानात कापल्या पिकाचा टोचरा सड नसतोय, बॉल फाटत नाय. पोरं महिनाभर खेळली. त्या साली साळुबाईची बाजरी कमरंच्या वर गेली. पाऊस सगळीकडंच बरा व्हता, पर ती बाई ऐकतीय व्हय. साऱ्या गावात सांगत सुटली, पोरांच्या पायगुनानं आली म्हनून. मग काय, ज्याचा कांदा निघंल तो हौशीरामाच्या दारात. रान ठरलं की पोरं दांडके खांद्यावर टाकून निघायची. मोठी पोरं कामाधंद्याला गेली, त्यांच्या मागची आली. जर्श्या गोजरबाईनं ठिगळं लावून चालवल्या, मग नव्या शिवल्या. पट्टं तेच.

पुढल्या फेरीला हौशीराम मिंगेलबाबच्या दुकानात टायर वढून बसला. समदं सांगितलं. म्हाताऱ्यानं इचारलं, "आनी कप?"

"नाय अजून."

"बरें," म्हातारा म्हनला आन त्यानं चहा मागवला.

असं करत दहा वर्सं गेली. सरपंचकी गेणभाऊंच्या हातनं गेली, ते गुडघं धरून चालायला लागले. एका सकाळी काठी टेकत हौशीरामाच्या वट्यावर येऊन बसले. लई येळ पान्याबिन्याचं बोलले.

मग म्हनले, "हौशा, औंदा माझा कांदा लवकर निघाला. मंगळवारपस्नं रान मोकळं हाय."

"मंगळवारी कसं जमंल, भाऊ. तुमच्या आधी नवनाथच्या आईचं रान हाय."

"मग माझं कवा?"

"बघतो. पर ढेकळं फोडून ठेवा. मागं एकाच्या रानात पोराचा पाय मुरगाळला."

गेणभाऊ काठीवर जोर देऊन उठले. "फोडतो," म्हनले.