पोत मनगटावर बांधणाऱ्या वत्सलाताई

डॉ. वत्सलाताईंची पहिली भेट झाली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या आईच्या गळ्यावर गाठ आली होती. थायरॉइडची सोनोग्राफी करायला आम्ही कटंगीहून बालाघाटला त्यांच्या दवाखान्यात आलो. आई टेबलावर आडवी झाली, पण गळ्यालगतची काळी पोत काढेना.

"बाजूबाजूनं पाहून घ्या, बाई."

"काढून कोण ठेवून राह्यलं? हाताले बांधून देते. नवरा काही उडून जात नाही."

"हौ, उडाले तं बरंच होईन!" आई हसली आणि तिने मनगट पुढे केले.

दिसणारी मोठी गाठ पाण्याने भरलेली, निरुपद्रवी निघाली. पण जिथे पोत रुतत असे, नेमकी तिथे दुसरी एक बारीक गाठ होती; हाताला न लागणारी, ओबडधोबड कडांची. वत्सलाताईंनी काही लपवले नाही, घाबरवलेही नाही. "ही बारकी मले आवडली नाही. फोटोवरून पक्कं सांगता येत नाही. सुईनं तपासू." तो कर्करोग होता, पण वेळेत सापडला. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. आज आई रोज उपाशीपोटी एक गोळी घेते आणि दिवसभर आम्हाला रागावते.

पुढे मीही सोनोग्राफीचीच डॉक्टर झाले आणि त्यांच्या हाताखाली आले. एकेक रिपोर्ट मी पुन्हा पुन्हा वाचते. त्या कधी चिडल्या नाहीत. "शंका असेल तर शंकाच लिही," एवढेच म्हणतात. आणि उगाच ऑपरेशनच्या धास्तीने आलेल्या उकवा गावच्या बाईंना समजावतात, "साधी गाठ आहे. नांदू द्या तिले. वर्षानं दाखवा."

आमचा भाग मध्य प्रदेशातला, त्यामुळे माझी शाळा हिंदी. मराठी अक्षरे आईनेच घरी गिरवून घेतली. ती आई हा लेख तपासायला आहे, हे मी वत्सलाताईंचे देणे मानते.

पुढचे त्यांच्या परवानगीने लिहिते. पंचाहत्तरी लागली त्या आठवड्यात त्या स्वतः टेबलावर आडव्या झाल्या. गळ्यातली साखळी काढून माझ्या हाती दिली, मनगट पुढे केले आणि म्हणाल्या, "बांध." मी दोन्ही बाजू सावकाश पाहिल्या, मग पुन्हा पाहिल्या. कुठेही काही नव्हते. ताई, दर वर्षी ही साखळी मलाच बांधू द्या, आणि दर वर्षी मला हेच लिहायला मिळो.