अण्णाच्या बैठका आणि माझे गुडघे

माझ्या थोरल्या भावाला, आमच्या अण्णाला, जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय ठाऊक होता: बैठका. पोट बिघडलं, बैठका. झोप लागत नाही, बैठका. शेजारच्या म्हातारीला कमी दिसू लागलं तेव्हा त्यानं तिलाही पाच सांगितल्या, आणि ती बिचारी भिंतीला धरून दोन करूनही आली. निपाणीत आमची तंबाखूची वखार होती. तिथलं काम गुमास्ते बघत आणि अण्णा वखारीमागच्या मोकळ्या जागेत व्यायाम मंडळ चालवी. त्यानं अंग कमावलं होतं, हे मी नाकारत नाही. पण त्याला उभ्या जन्मात साधं पडसं झालेलं मला आठवत नाही, आणि आजारपणाबद्दल घरात सगळ्यांत ठामपणे बोलायचा तो हाच.

मी तेव्हा बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवत होते. घर खासबागेत, हे कोर्टात कारकून. दुसरं युद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझी तिशीही उलटली नव्हती. एका थंडीत सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली वाटू लागली. तांब्या धरवेना, अंबाडा घालता येईना. दहा-साडेदहाला कुठं हात सैल पडायचे. पुढं मनगटं सुजली, मग गुडघे. फळ्यावर लिहिताना खडू गळून पडे आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघत.

आमच्या शाळेत पाणी भरणारी एक बाई होती. सकाळी घागर उचलताना ती फार वेळ लावायची आणि हात चोळत उभी राहायची. तिला मी वर्षभर ‘आळशी’ म्हणत आले होते, तेही मुलींच्या देखत. तिच्या बोटांचे सांधे गाठीसारखे फुगलेले होते. ते माझ्या डोळ्यांना दिसत होते आणि डोक्यात शिरत नव्हते. स्वतःची मूठ वळेनाशी झाली तेव्हा शिरले. अण्णाला नावं ठेवण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं.

खडेबाजारातल्या एका वैद्यांनी हात बघून आमवात आहे म्हणून सांगितलं. एवढं त्यांचं बरोबर होतं. पुढं म्हणाले, “सांधे अजिबात हलवायचे नाहीत. पडून राहा.” सासूबाईंनी हा हुकूम फार मनावर घेतला. मी कुशीवर वळले तरी त्या धावत येत. माझ्या गुडघ्यांखाली त्यांनी जाड उशी ठेवली, आणि त्या उशीवर मी दीड महिना काढला. शेजारणी येऊन माझ्या नशिबाला बोल लावून जात. दुपारचं लोळायला मिळतं म्हणून एकीला माझा हेवाही वाटला. दीड महिन्यानं उठायला गेले तर डावा गुडघा सरळच होईना. उशीवर वाकला होता तसाच राहिला. मांड्या इतक्या वाळल्या होत्या की मोरीपर्यंत जायला दोन माणसं लागली. वैद्य म्हणाले, “रोग जुना होता.”

मग हवापालट म्हणून मला मोटारीत घालून माहेरी निपाणीला पाठवलं. अण्णा मोटारीपाशीच उभा होता. मला लंगडताना बघून म्हणाला, “सासरी लई लाडावलीयस गं.”

“अण्णा, गुडघा सरळ होत न्हाय.”

“होत न्हाय म्हंजे काय? महिनाभर लोळल्यावर कुणाचा होईल? उद्यापासनं मागं यायचं.”

मागं म्हणजे मंडळात. त्यानं नुकतीच बायकांची शाखा काढली होती. तिच्यात वहिनी आणि गल्लीतल्या तिघी होत्या, आणि चौघींपैकी एकीलाही काही झालेलं नव्हतं. त्याला दाखवायला एक आजारी बाई हवी होती. ती बहीण निघाली, म्हणजे घरचीच सोय.

दीड महिना लोळून माझं वाटोळं झालं होतं, त्यामुळं त्याचं म्हणणं मलाही थोडं पटलं. शिकलेली बाई मी, दुसऱ्यांदा दुसऱ्याच्याच डोक्यानं चालले. पहिल्या दिवशी दहा बैठका, वहिनीच्या खांद्याला धरून. चौथ्या दिवशी सूर्यनमस्कार. सगळा भार मनगटांवर आला आणि कोपरापर्यंत कळ गेली. संध्याकाळी मनगटं लाल झाली, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम.

“दुखतंय?” अण्णा खूष झाला. “म्हंजे रोग बाहेर पडतोय. थांबायचं न्हाय.”

आठव्या दिवशी बैठकीला खाली गेले ती तिथंच बसले. डाव्या गुडघ्यात पाणी झालं, अंगात ताप भरला. मला उचलून आत नेलं तेव्हा तो आईला सांगत होता, “अंगाचं काय न्हाय गं आई, हिचं मनच कच्चं.” आणि तो पुन्हा मंडळात गेला, कारण बाकीच्या चौघी खोळंबल्या होत्या.

हे आले आणि मला परत बेळगावला घेऊन गेले. यावेळी वैद्य नको, मिशनच्या दवाखान्यात जायचं ठरलं. सासूबाईंनी ती जाड उशी तिथंही सोबत दिली. तिथल्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि मला एका वयस्क नर्सबाईंच्या ताब्यात दिलं. बाई धारवाडकडच्या, मराठी तुटक बोलायच्या, आणि एकही गोड शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडत नसे.

“बैठका कोण सांगितलं?”

“भावानं.”

“भाऊ डॉक्टर काय?”

“नाही. तंबाखूचा व्यापार आहे.”

“मग त्याला तंबाखू बघायला सांगा. आणि ही उशी?”

“ती सासूबाईंनी. वैद्यांनी पडून राहायला सांगितलं होतं.”

त्यांनी गुडघ्याखालची उशी काढून कोपऱ्यात टाकली. पुढं त्यांनी जे शिकवलं ते इतकं किरकोळ दिसत होतं की मला रडू आलं. सांधा लाल आणि गरम असेल त्या दिवशी कष्टाचं काही करायचं नाही. फक्त जाईल तिथवर सावकाश एक-दोनदा वाकवून सरळ करायचा, म्हणजे आखडत नाही. सूज उतरली की रोज सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून मूठ हळूहळू वळायची, उघडायची. पाय लांब करून गुडघ्याखाली घडी घातलेला पंचा ठेवायचा, तो गुडघ्यानं दाबायचा, पाच अंक मोजायचे, सोडायचं. मनगटावर भार टाकायचा नाही. खाली बसून उठायचं नाही, स्टुलावर बसायचं.

“आणि कळायचं कसं, जास्त झालं ते?” मी विचारलं.

“करून झाल्यावर दोन तासांनी बघा. तेव्हाही आधीपेक्षा जास्त दुखतंय, तर उद्या निम्मं करा. बंद नाही करायचं. निम्मं.”

घरी मी पंचा दाबत बसले की सासूबाई म्हणत, “ह्यानं काय होणार आहे?” आठ दिवस खरंच काही झालं नाही. महिन्यानं मी एकटी मोरीपर्यंत गेले. मग दारापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, सपाट वाटेनं. दोनदा पुन्हा सूज आली, तेव्हा घाबरून न जाता थांबले आणि निम्म्यापासून परत सुरू केलं. वर्ष उलटलं तेव्हा मी शाळेत जात होते. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, ती आजही तशीच आहेत. दुखणं गेलं नाही. त्याच्यासोबत कसं वागायचं एवढं समजलं.

त्या साली मंडळाचा वार्षिक समारंभ होता आणि अण्णानं मला बोलावून घेतलं. गेले तर मांडवात दोनशे माणसं, आणि हा मंचावरून सांगतोय, “माझी ही बहीण अंथरुणाला खिळलेली. आठ दिवस बैठका घातल्या. आज बघा, चालत आलीया. बोल गं.”

मी बोलले. त्या आठ दिवसांनी गुडघ्यात पाणी झालं, अंगात ताप भरला आणि घरी परत न्यावं लागलं, हे सांगितलं. मग खुर्चीवर बसून मूठ वळून, उघडून दाखवली आणि म्हटलं, “माझा व्यायाम हा.” लोक हसले. पुढच्या रांगेतल्या एका पैलवानाला तर ठसका लागला. अण्णानं टाळ्या वाजवून मला खाली बसवलं आणि माणसांना समजावलं, “तिला चार लोकांत बोलायची सवय न्हाय.” मी रोज चाळीस मुलींपुढं बोलत होते.

कार्यक्रम संपल्यावर वखारीच्या दारात दोन बायका मला गाठून उभ्या राहिल्या. दोघी तंबाखू निवडायला येणाऱ्या. पदराखालचे हात त्यांनी बाहेर काढले. मी पोत्यावर बसून त्यांना सगळं दाखवलं, दोन तासांचा हिशेबही सांगितला. एकीनं पुढं निरोप धाडला की सकाळी हात उघडतात. दुसरी नवऱ्याच्या सांगण्यावरून अण्णाच्या बायकांच्या शाखेत गेली. आठवडाभरानं तिनं काम सोडलं असं वहिनीकडून कळलं. अण्णाला विचारलं तर म्हणाला, “तिचं पण मन कच्चं.”

त्यानंतर मी त्या बाईची गाठ घ्यायला निपाणीला दोनदा गेले. पहिल्यांदा ती दारच उघडेना. दुसऱ्यांदा उघडलं, आणि आम्ही कोमट पाण्याचं घमेलं मध्ये ठेवून बसलो.