मावसांच्या बोअरचं पाणी

पाण्याचा वास घेऊन घर पास-नापास करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. मावसा कुठंही गेले की पेला आधी नाकाशी नेतात, मग ओठाशी. औशाच्या एका लग्नात नवरदेवाच्या बापानं आदरानं पुढं केलेला पेला त्यांनी हुंगून परत केला, "टाकी धुतली न्हाई जणू," म्हणाले, आणि अख्खी पंगत तशीच तहानलेली जेवली. नायगाव सोडून नांदेडच्या कडेला नव्या वस्तीत घर बांधल्यापासून ते पाहुण्यांकडं पेढे नेत नाहीत, स्वतःच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून नेतात. "पेढे कुठंबी भेटतात. हे पिऊन बघा."

त्या वस्तीत घरं भराभर उठली, ड्रेनेज मात्र दर निवडणुकीला 'यंदा येणार' एवढंच. तोवर ज्याची त्याची संडासची टाकी, ज्याचा त्याचा बोअर. सगळी घरं बांधणारा मिस्त्री वास्तूचा पक्का: बोअर ईशान्येला, टाकी वायव्येला. एकेक घर बघाल तर अगदी शास्त्राला धरून. अन् रांग बघाल तर प्रत्येकाच्या टाकीला खेटून पश्चिमेच्या शेजाऱ्याचा बोअर! एवढ्या चिकित्सक मावसांच्याही हे ध्यानात आलं नाही.

त्यांच्या पश्चिमेला शिंपीचाचा राहतात. मावसांचा सकाळचा चहा त्यांच्याचकडं, आणि पहिल्याच घोटाला नाक मुरडणं ठरलेलं. "चाचा, पत्ती चांगली हाय, पाणी लई वाईट हाय." चाचा हसायचे, "भाऊसाब, चहा प्यायला येता का वास घ्यायला?" पण चाचांच्या नातीचं पोट वरचेवर बिघडू लागलं, पोरगी सलाईनवर गेली आणि हसणं थांबलं. आजूबाजूच्या टाक्या तपासा, असं कुणीतरी सुचवलं. मावसांना केवढा राग! आपली टाकी निर्दोष आहे, वस्तीखालचा नालाच चाचांच्या बोअरात मुरतोय, हे दाखवायला त्यांनी होळीचा उरलेला गुलाबी रंग बादलीत कालवून आपल्याच संडासात ओतला.

काही दिवसांनी चाचांच्या नळाला गुलाबी पाणी आलं.

चाचांनी पेला भरून मावसांसमोर ठेवला, बस्स. मावसांनी तो हुंगलाही नाही. इतकी वर्षं ज्याला नावं ठेवली तो वास आपल्याच घरचा, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. टँकर बोलावून त्यांनी टाकी उपसून घेतली आणि "हे नेऊन कुठं टाकून राहिले?" असं ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "नाल्यात." नाला जातो गोदावरीत. मावसांनी मग टाकी कायमची बुजवून दोन्ही बोअरपासून लांब, दक्षिणेच्या टोकाला नवी पक्की बांधली, आणि भिंतीवरून पाईप टाकून आपल्या बोअरचं पाणी चाचांना जोडून दिलं.

त्यांचं पाणी गोड होतं, कारण पूर्वेचा प्लॉट मोकळा होता. आता तिथंही घर होतंय आणि वायव्येला खड्डा खणून झालाय. मावसा बाटली घेऊन त्या मालकाकडं गेले, खड्डा दुसरीकडं घ्या म्हणून हात जोडले. "वास्तू हाय काका," एवढंच उत्तर मिळालं.

परवा गेलो तेव्हा पेला भरून त्यांनी माझ्याच हातात दिला. "तू घे बरं वास. माझ्या नाकावर आता माझा भरवसा न्हाई." मी पेला नाकाशी धरून नीट हुंगला. वास नव्हता, खरंच नव्हता, तसं सांगितलं.

"मंग आज पाणी सोडतो चाचांच्या नातीला," म्हणाले, आणि भिंतीजवळ जाऊन चाचांच्या पाईपची तोटी उघडली.